ओल्या कातळावरचा ब्रेक

सायकल शर्यतीत, घाटातल्या अरुंद पायवाटेवर, ओल्या कातळावरून मी तिसऱ्यांदा आपटलो. ओल्या दगडावर ब्रेक दाबायचा नसतो, हे मला पाठ होतं, बोटांना नव्हतं. सगळे पुढे निघून गेलेले. वेळेत खाली पोचलो नाही तर बाद. डोक्यावर मोळी घेतलेली एक मावशी मला वाट द्यायला कडेला सरली होती, अनवाणी.

“मावशी, तुम्ही कशा उतरता हो इथून?” मी जवळजवळ रडतच विचारलं.

“भीती वाटतीच की रं बाबा. पण मधीच थांबलं, की पाय सुटतोय.”

आयुष्यात जिथं जिथं पडलो, तिथं आधी असाच मधेच थबकलो होतो. पुन्हा सायकलवर बसलो. समोर कातळ चकाकत होता. ब्रेकवरची बोटं उचलू म्हटलं, तर उचलेनात.