सूपभर कोंडा

माझा मुलगा मी विकला होता, सूपभर कोंड्याला. नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. त्यांना वाटतं म्हातारी काहीतरी रचून सांगते. पण विकला म्हणजे खराच विकला. चार बायकांच्या समोर, माझ्या या हातांनी दुसरीच्या ओटीत टाकला.

त्याआधी माझी दोन गेली होती. पहिला मुलगा अडीच वर्षांचा होऊन देवीत गेला. दुसरी मुलगी बारा दिवसांचीही झाली नाही, तिचं नाव ठेवायचंच राहिलं. म्हणजे मला आये म्हणणारं या जगात एकच माणूस झालं, आणि तेही अडीच वर्षांचं. आवणीच्या दिवसांत मी चिखलात वाकलेली असायचे आणि तो बांधावर बसून हाका मारायचा. आये, ए आये. मी मान वर न करता म्हणायचे, थांब रं, एवढी मूठ लावते. ती मूठ लावून झाली की दुसरी असायचीच. किती वेळा थांब म्हटलं असेन, देवाला माहीत. एकदा तरी हातातली रोपं टाकून उठायला हवं होतं.

एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. आमच्या कडाव गावाकडे नदीच्या बाजूला एक मोठं करंजाचं झाड आहे, त्याच्यापाशी. पुरुष घेऊन जातात, बायकांनी जायचं नाही. आईनं तर मुळीच नाही. आई तिथं गेली की पुढच्या मुलाची वाटही तिकडेच वळते, असं माझी सासू म्हणायची. मला ते पटायचं असं नाही, पण दोन गेल्यावर न पटणाऱ्या गोष्टींचीही भीती वाटते. मी ते झाड आमच्या बांधावरून पाहायचे. सुगीत पाहिलं, उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजताना धुरातून पाहिलं. इतकी वर्षं पाहिलं, पण जवळ गेले नाही.

मग तिसरा झाला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी सासूची गत. पाचवीच्या दिवशी तिनं खालच्या आळीतल्या कुंभारणीला बोलावलं. तिला सहा मुलं, सहाही धडधाकट. आमच्याकडे रीतच होती ती. ज्या घरातली मुलं टिकत नाहीत, त्या घरानं पोर दुसरीला विकायचं आणि बदल्यात भाताचा कोंडा घ्यायचा. मग त्या घरात पोरच उरलं नाही, तर मरण यायचं कुणासाठी? अशी मरणाला चकवायची युक्ती.

कुंभारीण सूप भरून कोंडा घेऊन आली. तो माझ्या पुढ्यात ठेवून तिनं ओटी पसरली आणि मी पोराला उचलून तीत टाकलं.

"पोर माजं झालं बाय," ती म्हणाली. "दूध तुज्याकडं हाय, म्हनून तुज्याकडं ठेवते. नीट सांबाळ."

सासू मला म्हणाली, "आजपासून ह्याची आय ती. तू कोन नाय. ह्यानं तुला आये म्हनायचं नाय, ध्यानात ठेव."

तो कोंडा म्हशीला घालायचा असतो. मी घातला. म्हैस मजेत खात होती आणि मी गोठ्यात पदर तोंडात कोंबून रडत होते.

माझा दीर मला वैनी म्हणायचा, पोरानं तेच उचललं. माझ्या कुशीत निजायचा, माझ्या हातची पेज खायचा आणि मला वैनी म्हणायचा. सकाळ झाली की तुरुतुरु खालच्या आळीत जायचा आणि कुंभारणीच्या चाकाजवळ मातीत बसायचा. भूक लागली की वैनी, पण पडला, खरचटलं की रडत तिच्याकडे पळायचा, आये म्हणत. बोलायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. कुंभारीण भली बाई होती, तरी तिचा मला राग यायचा. खोटं कशाला बोलू? फार यायचा.

तो चार वर्षांचा असताना मी चूक केली. भात पिकलं होतं, पाखरं हाकायला आम्ही दोघंच शेतावर होतो. तो बांधावर बसला होता. नेमक्या त्याच जागी, जिथं पहिला बसायचा. मी पदराच्या गाठीतला गुळाचा खडा सोडला.

"मला एकदा आये म्हन," मी म्हटलं.

"तू तर वैनी हायस."

"एकदाच. मग हा गूळ तुजा."

त्यानं आधी गूळ घेतला, गालात धरला आणि म्हणाला, "आये."

मी जे ऐकलं ते कुणाला सांगता येणार नाही. वाटलं, बांधावर दोघं बसलेत. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. मग अंगभर गोवर उठला, डोळे मिटले, पाणीसुद्धा घेईना. मला कळून चुकलं की हे मीच केलं. एका शब्दासाठी मी पोराचा जीव घालवला. कुंभारीण उशाशी येऊन बसली, तेव्हा मी तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. शेत, बांध, गूळ, सगळं.

तिनं बराच वेळ त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग विचारलं, "गूळ दिऊन म्हनवलंस?"

"व्हय."

"मग त्यो गुळाला म्हनला. तुला कुटं म्हनला? ते धरत नाय."

मला धीर यावा म्हणून बोलली ती. धीर आला. आणि तेच वाक्य काळजात रुतून बसलं. पाचव्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि पेज मागितली. त्यानंतर मी त्याच्यापुढे कधी गूळ धरला नाही.

लग्न ठरलं की विकलेलं पोर परत घ्यायचं असतं. तोवर सासू गेली होती आणि कुंभारणीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. हळदीच्या आदल्या दिवशी मी सूप भरून कोंडा घेतला आणि त्याला नि आळीतल्या बायकांना घेऊन तिच्या दारात गेले. तिनं कोंड्यात बोटं फिरवून पाहिली.

"माज्यापेक्षा जास्त भरलंस गं," ती म्हणाली. "घे तुजं पोर. पायजे तर ठोकून बघ, कुटं चिरलेलं नाय."

बायका हसल्या. कुणीतरी त्याला पुढे ढकललं, म्हणालं, आता म्हन रं आये. तो माझ्यासमोर उभा राहिला, एवढा थोरला, मिशा फुटलेला. ओठ हलले.

"वैनी," तो म्हणाला, "मला नाय जमत."

सगळ्या पुन्हा हसल्या, मीही हसले. मग घरी येऊन लग्नाची घासलेली पातेली पुन्हा घासत बसले. वीस वर्षं जपून ठेवलेली जागा रिकामीच राहायची, हे तेव्हा मनाला समजावलं.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे निघून गेल्यावर तो म्हणाला, "वैनी, नदीकडं येतेस?" मी मागोमाग निघाले. बांध संपला, करंजाची सावली आली, तशी मी थबकले.

"ये," तो म्हणाला. "आता मला काय व्हत नाय. बानं दाखवली मला जागा."

झाडाच्या मुळापाशी दोन दगड होते, एक जरा मोठा, एक लहान. माझ्या नवऱ्यानं ते ठेवले होते आणि इतक्या वर्षांत मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मुलगा उकिडवा बसला. त्यानं हातानं पाला बाजूला केला आणि मोठ्या दगडाकडे पाहून, समोर माणूस असावं तसा बोलला.

"दादा, आयेला घिऊन आलोय. उशीर झाला, रागवू नको."

मग मागे वळून मला म्हणाला, "वैनी, बस की."

या खेपेस मी थांब म्हटलं नाही. बसले.