जार बांधणारे राव

चेन्नईतल्या यच्चयावत प्रोग्रामरांनी मिळून जेवढी घाई केली असेल, तेवढा धीर एकट्या आमच्या रावांकडे होता. राव तंजावूरकडचे मराठी. पेरुंगुडीतल्या माझ्या चार टेबलांच्या कंपनीत जावाचे प्रोग्राम लिहायचे. बाकीचे लोक माउसची बटणं दाबून मोकळे होत. राव माउस उलटा करून बाजूला ठेवत आणि काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करत. सगळ्या फायलींची मिळून एक जार फाइल बांधायची, मग आत काय काय गेलं त्याची यादी पडद्यावर काढायची आणि ती बोट लावून मोठ्यानं वाचायची. घरच्या डब्याशीही हेच. आधी बायकोला फोन करून आत काय आहे ते विचारत, मग उघडून ताडून पाहत. वेलचेरीला शेअर ऑटोत चढण्याआधी आतली माणसं मोजत. एकदा मोजेपर्यंत ऑटो निघून गेली. "जाऊं दे की सार," मला म्हणाले, "भरलेली होती. मोजल्यावर कळलें."

मी भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत कुणालाही पहिल्या भावात सोडलेलं नाही. वेळेशीही माझी घासाघीस चालते. अण्णा नगरातल्या एका रुग्णालयाला आमचा बिलांचा प्रोग्राम दाखवायचा होता. ते काम गेलं असतं तर कंपनीला कुलूप लागलं असतं. जारमध्ये मॅनिफेस्ट नावाची एक चिठ्ठी असते. प्रोग्राम कुठून सुरू करायचा ते तीत लिहिलेलं. रावांनी चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ रिकामी सोडली होती.

"ही कशाला?"

"असूं द्यावी, सार. सांगतों."

त्या सांगण्याला अर्धा तास लागणार, हे मला ठाऊक होतं. ते हात धुवायला गेले तेव्हा मी ती ओळ पुसली आणि जार स्वतःच बांधली. नंतर रावांनी यादी वाचली. फायली सगळ्या जागच्या जागी होत्या. चिठ्ठीच्या आत काय आहे, ते यादीत दिसत नाही.

मोठ्या डॉक्टरांसमोर रावांनी हुकूम दिला आणि प्रोग्राम सुरूच होईना. शेवटच्या ओळीनंतर एन्टर दिलेला नसला (रावांची रिकामी ओळ त्यासाठीच होती), तर जार बांधताना ती ओळ वाचलीच जात नाही. आणि सुरुवात कुठून, हे नेमकं त्याच ओळीत होतं. रावांनी चिठ्ठी उघडली. एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणी केलं?" डॉक्टर कडाडले.

"चूक माझी," राव शांतपणे तमिळमध्ये म्हणाले, आणि दोन मिनिटांत प्रोग्राम चालू करून दिला.

डॉक्टरांनी काम दिलं, पण एका अटीवर: हे गृहस्थ इथं पुन्हा नकोत. आयुष्यात पहिल्यांदाच मी घासाघीस न करता हो म्हणालो.

परतताना मीच भडकलो. "राव, तिथंच का नाही सुनावलंत मला?"

"काम पाहिजे होतें की तुम्हांस."

वर्षभरात ते तंजावूरला परत गेले. माझा राग आहे तो त्यांनी मला एका शब्दानंही सुनावलं नाही, याचाच. भांडले असते तर मीही आवाज चढवला असता, आणि दोघंही मोकळे झालो असतो. आजही कधीतरी चिडून मी त्यांचा नंबर फिरवतो. पलीकडून "बरे आहां की सार?" असं आलं, की मी तंजावुरात पाऊस किती झाला ते विचारतो.