लाकडी गरुड आणि पुढच्या ऑगस्टचा शब्द

अमेरिकेतल्या तमाम मोटेलवाल्यांविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. चहासाठी ते दुधाऐवजी पांढरी पूड ठेवतात. लहानपणी संस्कृत पाठशाळेत मी नाना पातकांची प्रायश्चित्तं पाठ केली, पण या पातकावर त्यात काहीच सापडत नाही. तेव्हा टेक्सासच्या डोंगराळ भागात जाणार असाल, तर दूध बरोबर न्या.

शनिवारी पहाटे मी आणि माझी बायको कल्याणी उत्तर टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोहून निघालो. घरात बसवत नव्हतं. माझ्या व्हिसाचं शेवटचं वर्ष येत्या मार्चमध्ये संपतं, ग्रीनकार्डाचा अर्ज कंपनीने वेळेत केला नाही, आणि ‘काहीतरी मार्ग काढू’ म्हणणाऱ्या वकिलाचा फोन शुक्रवारी यायचा तो आलाच नाही. मी प्रत्येक रेस्ट एरियात गाडी थांबवून फोन बघत होतो.

“अहो, शनिवारी कुठला वकील फोन करतो? गाडी चालवा.”

ऑस्टिन मागे पडलं की हायवे सोडायचा. पुढे रस्ता अरुंद आणि वळणावळणांचा; गॅस, म्हणजे पेट्रोल, आधीच भरून घ्या. आम्ही पोचलो ते गाव जर्मन शेतकऱ्यांनी वसवलेलं. तिथलं नेमबाजांचं मंडळ दर ऑगस्टला शूट्सनफेस्ट, म्हणजे नेमबाजीचा उत्सव, भरवतं. उंच खांबावर लाकडी गरुड. सभासद पाळीपाळीने गोळ्या झाडून त्याचे तुकडे पाडतात, आणि शेवटचा तुकडा पाडणारा वर्षभराचा राजा.

“वा! म्हणजे वर्षभर मजा,” मी म्हटलं.

शेजारच्या बाकावर हिरव्या कोटातले, ऐंशीच्या घरातले ओटो बसले होते. त्यांनी मान हलवली. “मजा कसली! गावात कोणी गेलं की शवपेटीला पहिला खांदा राजाचा. वादळात कोणाचं छप्पर उडालं की माणसं त्यानेच जमवायची. आणि पुढच्या वर्षी पहिली गोळी त्याची. तो नसेल तर उत्सव सुरूच होत नाही.”

“आणि आजारी पडला तर?”

“एकदा पडला होता. खाटेसकट आणला.”

शाकाहाऱ्यांनी सॉसेजच्या धुराला घाबरू नये. बटाट्याचे पॅनकेक मिळतात, थालीपिठाचे लांबचे नातेवाईक. कल्याणीने पर्समधून लसणाची चटणी काढली. ओटोंच्या पत्नी हेल्गा यांनी ती चाखली, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला.

पाहुण्यांसाठी वेगळा, छोटा पक्षी असतो आणि बंदुकीऐवजी क्रॉसबो, म्हणजे खांद्याला लावून मारायचं धनुष्य. व्हिसावर असताना बंदुकीला हात लावायचा नसतो, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. माझा बाण आकाशात गेला. खाली आल्याची बातमी अजून नाही.

“सरका,” कल्याणी म्हणाली. पक्ष्याचं तेवढं शेपूट उरलं होतं. ते पडलं.

मांडवात एकच टाळ्या! हेल्गाबाईंनी तिच्या सलवार-कमीजवर पाहुण्यांच्या राणीचा हिरवा पट्टा चढवला. “पुढच्या ऑगस्टला हा परत आणायचा. पाहुण्यांमधला पहिला बाण तुझा. येशील ना?”

“ऑफ कोर्स!” मग माझ्याकडे वळून, “अहो, सुट्टी आत्ताच टाकून ठेवा.”

“सुट्टी मिळेल गं. तोवर या देशात असलो पाहिजे.”

तिने पट्ट्यावरून एकदा हात फिरवला आणि हेल्गाबाईंना पुन्हा, सावकाश सांगितलं, “आय विल कम.”

रविवारी संध्याकाळी घरी आलो. सोमवारी वकिलाचा फोन आला. ते अजून बघतायत. कल्याणीने पट्टा हलक्या हाताने इस्त्री केला आणि हॉलमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा टांगला. भिशीतल्या सगळ्या मैत्रिणींना गोष्ट सांगून झाली आहे.

परत जावं लागलं तर पुण्यात घर आहे, माणसं आहेत, कामही मिळेल. त्याने माझी झोप उडत नाही. पण कल्याणीच्या व्हिसावर तिला इथे नोकरी करता येत नाही, आणि इतक्या वर्षांत या देशात कोणी तिला ‘तू यायलाच हवंस’ असं म्हटलं नव्हतं. आता एका गावाने म्हटलं आहे, तिने शब्द दिला आहे, आणि तो माझ्यामुळे मोडेल याची मला भीती वाटते.