घेणाऱ्याने आधी जेवावं

रक्ताची पहिली पिशवी अर्धीही भरली नव्हती, आणि दादाराव पांढराफटक पडला. कापसाचं गाठोडं एकट्याने उचलून गाडीत टाकणारा गडी, पण खाटेवर त्याची मान एका बाजूला कलंडली. मी सुई काढली, कॅम्पच्या डॉक्टर मॅडमनी त्याचे पाय उंच धरले. दोन मिनिटांनी त्याने डोळे उघडले. मी सरबताचा ग्लास पुढे केला, तर त्याने तो हाताने बाजूला सारला.

"दादाराव, सकाळी काय खाल्लं?"

"काई नाई."

"काऊन?"

मीच खुळा असल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "दान हाये न, साहेब."

शाळेच्या व्हरांड्यात तीसेक माणसं रांगेत उभी होती. मी ओरडून विचारलं, "जेवून कोण कोण आलंय?" एकही हात वर झाला नाही. आंघोळी मात्र सगळ्यांच्या झाल्या होत्या. कपडेही धुतलेले होते.

मी वर्ध्याच्या एका रक्तपेढीत टेक्निशियन होतो. आता रिटायर होऊन सिंदी मेघेत असतो. नोकरीतली बहुतेक वर्षं गावोगावच्या कॅम्पमध्ये गेली. आमची ती खडखडणारी व्हॅन, बर्फाचे डबे, घडीच्या खाटा, बोटांना सुटता न सुटणारा स्पिरिटचा वास. हल्ली कॅम्पला गेलं की रक्त देणाऱ्याला कापडी पिशवी मिळते, टोपी मिळते, फोटो निघतो. वाईट काही नाही. पण मला आठवतो तो रोहण्याच्या पुढच्या गावातला कॅम्प. तिथे एक ग्लास सरबत पाजायला आम्हाला अर्धा दिवस लागला.

दिवाळी नुकतीच झाली होती. या दिवसांत कॉलेजं बंद असतात, कॅम्प होत नाहीत आणि रक्तपेढीचा फ्रिज रिकामा होतो. नेमकी तेव्हाच थॅलेसेमियाची एक पोरगी वॉर्डात भरती झाली. थॅलेसेमिया म्हणजे शरीर स्वतःचं रक्त नीट तयारच करत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागतं. वय वर्षं सात, नाव गुड्डी. तिचा ग्रुप ओ निगेटिव्ह. या ग्रुपची माणसं आधीच थोडी, आणि त्यांना चालतं ते फक्त ओ निगेटिव्हच. नागपूरलाही फोन झाले. कुठेच पिशवी नव्हती. हिमोग्लोबिन चारवर आलं होतं.

मी जुनी रजिस्टरं चाळली, तेव्हा या गावातलं एक नाव सापडलं. विलास, वय अठ्ठावीस, ओ निगेटिव्ह. गावात कॅम्प आधीच ठरला होता. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी.

निघताना आमचे इन्चार्ज डॉक्टर म्हणाले होते, "दोनच्या आत गाडी तिथून हलली पाहिजे. टेस्टिंगला चार-पाच तास जातात. पोरगी रात्रभर थांबेल असं मला वाटत नाही."

आणि आता अकरा वाजले होते, आणि अख्खं गाव उपाशी.

उपाशी माणसाचं रक्त आम्ही घेत नाही. त्यात शुद्ध-अशुद्ध असं काही नाही. साखर कमी असते, माणूस दादारावसारखा आडवा होतो. शिवाय अर्धी भरलेली पिशवी फेकावीच लागते. त्यातलं न गोठण्याचं औषध पूर्ण पिशवीच्या मापाचं असतं.

विलास रांगेत तिसरा होता. मी त्याला बाजूला घेतलं. "बिस्किटं खा, सरबत पी, अर्धा तास बस. तुझीच पिशवी हवी आहे."

"आईनं नाई म्हटलं, साहेब."

"अरे, मिशा आल्या तुला."

"आल्या न. पण आईले विचारा."

त्याची आई अनुसयाबाई. शाळेची खिचडी तीच शिजवायची. गावातल्या प्रत्येक पोराला तिने कधी ना कधी वाढलेलं, त्यामुळे तिचा शब्द सरपंचाच्या वर चाले. हे मला आधी माहीत असतं, तर सकाळी मी तोंड सांभाळलं असतं. कारण रांगेत सगळ्यात पुढे तीच होती.

रक्त घेण्याआधी आम्ही बोट टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडतो. ते मोरचुदाचं पाणी. थेंब बुडाला तर रक्त दाट, चालतं. तरंगला तर नाही. आमच्या धंद्यात बुडणारा पास आणि तरंगणारा नापास. अनुसयाबाईचा थेंब वरच्या वर फिरत राहिला. तिने वाकून पाहिलं.

"हा काऊन तरंगून राह्यला?"

"तुमचं नाही चालत, बाई. रक्त कमी आहे. चला, पुढचा."

सगळ्यांसमोर, मोठ्याने. मागच्या बायांचेही थेंब एकामागून एक तरंगले, त्यांनाही मी तसंच हाकललं. ती खिचडीच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसली. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आता तिच्याकडेच जावं लागणार होतं. बरोबर भगत सर आले. कॅम्प त्यांनीच ठरवला होता, इथल्याच शाळेवर मास्तर.

"अनुसयाबाई, लोकांना उपाशी यायला तुम्ही सांगितलं?"

"मीच सांगतलं. सर माइकवर रक्तदान रक्तदान करून राह्यले होते. दान म्हटलं का दानाची रीत आली. घेणारा जेवल्याबिगर देणाऱ्यानं जेवू नये. आमच्या घरी कोणी पंगतीले आलं त मी आधी खातो का?"

भगत सर कपाळाला हात लावून म्हणाले, "माझीच चूक. जेवून या, एवढं म्हणायचं राहिलं."

मॅडमनी साखरेचं शास्त्र समजावलं. बाईने आदराने ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही. मग मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, धार काढायच्या आधी गाईला सरकीची ढेप टाकता ना? उपाशी गाय दूध देते का?"

"गाय दान करते का, साहेब? तिचं त आपण पिळून घेतो."

रांगेतली माणसं हसली. दादाराव तर खाटेवर पडल्या पडल्या हसला.

साडेअकरा झाले. मी पायरीवर तिच्याशेजारी बसलो आणि गुड्डीचं सगळं सांगून टाकलं. खरं तर हे करायचं नसतं. रक्त कोणाचं कोणाला जातं, हे दोन्हीकडे गुप्त ठेवायचा नियम आहे. पण नियम पाळून मी रिकाम्या हाताने परत गेलो असतो.

तिने शांतपणे एकच विचारलं. "पोट्टी जेवली का?"

"कोण?"

"घेणारी. ते जेवली असंन त मोकळं झालं न सारं. मंग आम्ही खाऊ."

मी ताडकन उठून गुड्डीच्या बापाला फोन लावला. रोहण्याकडे तेव्हा रेंज शाळेच्या एका कोपऱ्यातच यायची, आणि तिथेच भगत सरांचा माइक उभा होता.

"भाऊ, गुड्डी जेवली का?"

"नाई न, साहेब. कालपासून घास लावला नाई. तोंडच फिरवते. रक्त भेटलं का?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण बाई शेजारी उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"दे पोट्टीले."

मी स्पीकर चालू केला. तिकडे खुडबुड झाली, मग बारीक आवाज आला. "हं."

"बाई, मी विलासची आई बोलून राह्यली. तू काऊन नाई जेवत?"

"भूक नाई लागत."

"तुले नाई लागत, पण इथं माह्या पोट्ट्याले लागली हाये. साऱ्या गावाले लागली. तू घास खाशीन तवा आमाले खाता येते. आमच्याइकडे तशी रीत हाये. आता मोठ्या माणसाइले उपाशी ठेवशीन का तू?"

तिकडे चमचा वाजला. भगत सरांनी माइक फोनला लावला. तीस माणसं व्हरांड्यात श्वास धरून उभी, आणि शाळेच्या भोंग्यातून एका लेकराचं चावणं ऐकू येत होतं. नोकरीत मी पुष्कळ मशीनचे आवाज ऐकले. त्या आवाजाची सर कशालाच नाही.

"खाल्लं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, तक्रारीच्या सुरात, "पोह्यात मिरची होती."

हशा पिकला. काही बायांनी पदर डोळ्यांना लावला. अनुसयाबाईने फोन माझ्या हातात दिला आणि कमरेच्या किल्लीने खिचडीची खोली उघडली. शाळेच्या तांदळाला हात लावू दिला नाही, "सरकारी हाये, लेकराइचा हाये" म्हणाली. घराघरातून पोहे आले, आलू आले, तेलाच्या बाटल्या आल्या. थेंब तरंगलेल्या सगळ्या बाया चुलीपुढे बसल्या. पाऊण तासात गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, आलूपोहे झाले. माझ्या ताटलीत तिने दुसऱ्यांदा वाढलं, मी नको म्हणत असताना. सकाळचा राग तिने असा काढला असावा.

एकला विलास खाटेवर झोपला. पिशवी सहा मिनिटांत भरली. दादाराव पुन्हा रांगेत उभा होता, त्याला मॅडमनी ओरडून घरी पाठवलं. दोनला दहा कमी असताना व्हॅन निघाली.

संध्याकाळी टेस्टिंग झालं आणि गुड्डीला रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी ती पलंगावर बसून बापाशी मोबाइलसाठी भांडत होती. आमच्या इन्चार्ज डॉक्टरांना माइकची गोष्ट कळलीच.

"पेशंटचा आवाज भोंग्यावर? नियम वाचलेत का तुम्ही?"

"वाचलेत, सर."

"मग?"

"त्यांचा नियम जास्त जुना निघाला."

त्यांनी मेमो दिला नाही. पण पुढच्या प्रत्येक पोस्टरवर रक्तदान या शब्दाच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'जेवून या' असं छापून घेतलं.

एक गोष्ट मात्र मॅडमची आणि माझी शिकायची राहिली होती. निघताना मॅडमनी अनुसयाबाईला लोहाच्या गोळ्यांची बाटली दिली होती. शंभर गोळ्या, रोज एक. तीन महिन्यांनी त्या बाजूला गेलो, तेव्हा मुद्दाम तिच्या घरी थांबलो. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. अजूनही पांढरीच.

"बाई, गोळ्या संपल्या?"

"कवाच्या. पहिल्याच दिवशी."

"शंभर गोळ्या? एका दिवसात?"

"मंग. गावातल्या साऱ्या बायाइले वाटल्या. त्याइचेबी थेंब तरंगले होते न."

"आणि तुम्ही किती खाल्ल्या?"

"मले नाई उरली," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

त्यानंतर मी कुठल्याही गावात एका बाईपुरती बाटली नेली नाही. नर्सताईंना गाठून गावाला पुरेल एवढी खोकी मागवायची, हा माझा नेम झाला. त्या गावात खोकी पोचली, तेव्हा पहिली गोळी मी अनुसयाबाईच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहिलो. तिने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलं, आणि सगळ्यांच्या आधी खाताना कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून हळूच मागे वळून बघितलं.