अडलेल्या पंपाला ठोका

सासरे म्हणजे घरातला अगदीच बिनकामाचा माणूस, असं सुनेचं लग्नानंतरचं पहिलं मत होतं, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. दाराची कडी निखळली की ते तिच्याकडे अनोळखी पाहुण्यासारखे बघत राहायचे. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायचे. "यांना कारखान्यात कामाला ठेवलंय की शोभेला, देव जाणे!" असं सासूबाई महिन्यातून दोनदा तरी म्हणायच्या आणि सासरे त्यावर हसायचे, हे त्याहून चिडवणारं.

मग सून त्याच रंगाच्या कारखान्यात पंपावर लागली, अजून पक्की न झालेली ऑपरेटर म्हणून, आणि पहिल्याच आठवड्यात तिने तोंडात बोट घातलं. तिथे हाच माणूस 'फुसमामा' होता. पंप कसा वाजतो ते तोंडाने काढून दाखवायचा आणि त्यावरून त्याचं दुखणं ओळखायचा. "फुस-ठक, फुस-ठक म्हणजे तब्येत उत्तम. फुस-फुस-ठक झालं की आतली रिंग गेली." लोक हसायचे, पण पंप उघडला की रिंग खरंच गेलेली असायची.

रंगाच्या वाफा पेट घेतात, म्हणून तिथे विजेचा पंप चालत नाही. हा पंप नुसत्या हवेवर चालायचा. दोन बाजूंना दोन रबरी पडदे, मधे हवेचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या पोटात एक नळी, तिला स्लीव्ह म्हणायचे, आणि तिच्यात बोटाएवढा दांडा, तो स्पूल. स्पूल इकडे सरकला की हवा डाव्या पडद्यामागे जायची, तिकडे सरकला की उजव्या. पडदे पुढेमागे होत आणि घट्ट रंग मुकाट्याने वरच्या मजल्यावर चढे.

"पण त्याला आता सरक म्हणून सांगतं कोण?" सुनेने विचारलं होतं.

"कुणीच नाही. पडदा टोकाला पोचला की हवाच त्याला उलटा ढकलते. रात्रंदिवस. आपण घरी झोपलेलो असतो आणि हा इथे जातोय, येतोय." सासऱ्यांनी टोपी मागे सारली. "इतकी वर्षं झाली, पण मला अजून नवल वाटतं बघ."

भर उन्हाळ्यात, पत्र्याखाली सगळे घामाने निथळत असताना, दाबातून सुटून गार होणारी हवा बाहेर पडायच्या तोंडाशी पांढरं बर्फ धरलेलं तिने पाहिलं. तिने त्याला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. या पंपाबद्दल तिला तेव्हापासून थोडी भीती आणि पुष्कळ आदर वाटायचा.

आदर वाटला तरी पंप अडला की त्याला ठोकायचं, ही तिथली रीत होती. स्पूल मधेच अडकला की हातातला पाना उचलायचा आणि एक ठोका द्यायचा. पंप दचकून पुन्हा सुरू. जुन्यांनी नव्यांना शिकवलं होतं, तसंच तिलाही शिकवलं.

त्या मोसमात दोन नंबरचा पंप सारखा अडायला लागला. सासऱ्यांनी दोनदा व्हॉल्व्ह उघडून रिंगा बदलल्या. दोन्ही वेळा चार दिवस बरे गेले, मग येरे माझ्या मागल्या. सुपरवायझर वैतागले. "मामा, तुमच्या दुरुस्तीनंतर हा आता आणखी एकदा अडला, तर तुम्ही गेटवर बसा. तिथे खुर्ची आहे, पंखा आहे. वय झालं तुमचं." त्या दिवशी घरी सासरे हसले नाहीत आणि जेवणावरून अर्ध्यात उठले. सासूबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं. या माणसाकडून पंप दुरुस्तीचं ते टेबल काढून घेतलं तर उरतं काय, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं.

पंप पुन्हा अडला तो भर दुपारी. सुपरवायझर हाताची घडी घालून येऊन उभे राहिले.

सुनेने हवेची लाइन बंद केली. "आता कोंडलेली हवा सोड," सासरे म्हणाले. "दिसत नाही, पण बोटं घेऊन जाते." हवा सुस्कारत निघून गेली. त्यांनी बोल्ट काढले, व्हॉल्व्ह टेबलावर आणला आणि या वेळी उघडण्याआधी बाहेरूनही धुतला. वर्षानुवर्षांचा वाळलेला रंग थराथराने निघाला. मग स्पूल काढला, मऊ फडक्याने पुसला, त्याच्या रिंगा उतरवल्या. व्हॉल्व्ह उभा धरून कोरडा स्पूल स्लीव्हमध्ये सोडला. तो आपल्याच वजनाने सावकाश खाली यायला हवा होता. तो निम्म्यावर आला आणि थांबला.

घरात ज्या बोटांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, ती बोटं स्लीव्हच्या आतून फिरली आणि एका जागी थबकली. मग सासऱ्यांनी व्हॉल्व्ह फिरवून तीच जागा बाहेरून पाहिली. धुतलेल्या धातूवर चंद्रकोरीसारखे खळगे पडले होते, एकाशेजारी एक. तिथूनच स्लीव्ह आत दबली होती.

खुणा कुणाच्या, ते सुनेच्या लगेच लक्षात आलं. पंपाच्या उजव्या अंगाला भिंत होती. उजव्या हाताने ठोकणाऱ्यांचा पाना खालच्या जाड लोखंडावर बसायचा. व्हॉल्व्हच्या त्या कोपऱ्यावर फक्त डावा हात पोचत होता, आणि पाळीत डावखुरी ती एकटीच होती.

सासऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. आणि आपला तळवा त्या खुणांवर ठेवला.

"काय सापडलं?" सुपरवायझरनी विचारलं.

"स्लीव्ह दबलीय, साहेब. माझ्याच हातून बोल्ट जास्त आवळले गेले असणार. व्हॉल्व्ह नवा लागेल."

तळवा तसाच ठेवून त्यांनी जुना व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळला. मग नवा बसवला, नखाएवढं ग्रीस स्पूलला लावून. पंप सुरू झाला, फुस-ठक, फुस-ठक, आणि सून मात्र त्या गुंडाळलेल्या फडक्याकडेच बघत राहिली. आपल्यासाठी हा माणूस स्वतःच्या सगळ्या आयुष्यावर असं सहज पाणी सोडू शकतो, हे तिला पंपाहून, बर्फाहून अचाट वाटलं.

"मग ठरलं तर," सुपरवायझर म्हणाले. "उद्यापासून गेट."

"थांबा, साहेब." तिने फडकं उलगडलं. "हे ठोके माझे आहेत. डाव्या हाताचे. यांची दुरुस्ती चुकली नव्हती, मीच दर वेळी पुन्हा ठोकत होते."

"तुला कुणी विचारलं होतं?" सासरे ओरडले. ते इतक्या मोठ्याने ओरडू शकतात, हेही कुणाला माहीत नव्हतं.

सुपरवायझरनी खुणांवरून अंगठा फिरवला, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मामा, टेबल तुमचंच. बाई, तुम्ही उद्यापासून डबे धुवायला. पक्कं करायचं की नाही, ते मग बघू. आणि यापुढे जो कुणी पंपाला पान्याने ठोकेल, त्याला मी बघून घेईन."

दुसऱ्या दिवशी ती कोपरापर्यंत साबणात हात बुडवून डबे घासत होती. जेवणाच्या सुट्टीत सासरे येऊन शेजारी उभे राहिले.

"काल बोलताना हात कापत होते तुझे," ते म्हणाले.

"दिसलं तुम्हाला?"

"हो." त्यांनी बाह्या वर सारल्या. "झाकताना माझाही कापत होता. म्हणून तर इतका दाबून धरला होता."

मग त्यांनी ढिगातला एक डबा ओढला आणि तिच्याशेजारी घासायला बसले.