धामणकर नाक्यावरचा भोपळा

साताऱ्याहून निघताना नवरा म्हणाला, "भिवंडीत काय भोपळे मिळत नाहीत?" पण शमीम माझी वसतिगृहातली मैत्रीण, तिला आमच्या परसातलाच लाल भोपळा द्यायचा होता. एसटीत तो मांडीवर घेऊनच बसले. कंडक्टरने माझ्याआधी त्याच्याकडे पाहिलं.

स्थानकावर शमीमचे यजमान युसूफभाई न्यायला आले होते. "ताई, प्रवास कसा झाला?" हे त्यांनी इतक्या मोठ्यांदा विचारलं, की मी दचकून माफीच मागितली. मग कळलं, सगळा जन्म लूमच्या (यंत्रमागाच्या) खडखडाटात गेल्यामुळे हा त्यांचा साधा आवाज. इथे बरेचजण असंच बोलतात म्हणे. ते मी पक्कं लक्षात ठेवलं आणि तिथेच फसले.

शेअर रिक्षात युसूफभाई पुढे, रिक्षावाल्या सलीमशेजारी बसले. मी मागे, कडेला. धामणकर नाक्याजवळ खड्डा आला, रिक्षा उडाली आणि माझ्या मांडीवरचा भोपळा बाहेर. कापडाचे तागे भरून उभ्या असलेल्या एका टेम्पोच्या आरशावर तो आदळला. आरसा फुटला, भोपळाही फुटला. नाक्यावर हिंडणारी एक बकरी लगेच पुरावा खायला लागली.

टपरीवरचा चहा टाकून टेम्पोवाला धावत आला. त्याला दिसला फुटका आरसा आणि शेजारी थांबलेली आमची रिक्षा.

"माजा आरसा फोरलास? तुला डोले हायेत का नाय?"

"मैंने टच भी नहीं किया," सलीम म्हणाला. "आणि बीच रस्त्यात गाडी कोन लावतो?"

दोघांचे आवाज चढत गेले. लूमवाल्या गावात गप्पा अशाच होत असणार, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर भोपळा माझा, हे सांगायची मला लाजही वाटत होती. टेम्पोवाल्याने जवळच्या वडपे गावातल्या दोस्तांना फोन लावला, रिक्षा स्टँडवरची माणसं सलीमभोवती जमली, आणि मी आपली बकरीकडे बघत बसले.

तेवढ्यात युसूफभाई वळून हळूच म्हणाले, "ताई, खाली नका उतरू. आता मारामारी होनार."

ते हळू बोलले म्हणूनच मी बकरीवरची नजर काढून पुढे पाहिलं. टेम्पोवाल्याने लोखंडी पाना सलीमच्या डोक्यावर उगारला होता.

मी उतरलेच. होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं, "भोपळा माझा होता. आरसा मी फोडला. ह्याचा काही दोष नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टेम्पोवाला म्हणाला, "कनचा भोपला?"

मी बोट दाखवलं. बकरीने मान वर केली. तिच्या दाढीला बिया चिकटल्या होत्या.

पाना हळूहळू खाली आला आणि मग टेम्पोवालाच आधी हसला. "मावशी, भोपल्यानं आरसा फोरला, ह्ये मी शेठला सांगू कसा?"

मीच सांगितलं, त्याच्या फोनवरून. शेठचा विश्वास बसेना, तेव्हा सलीमने बकरीचा फोटो पाठवला. नवा आरसा मी बसवून दिला. टेम्पोवाल्याने सलीमची माफी काही मागितली नाही, पण त्याच्यासाठी कटिंग मागवला.

शमीमकडे सांदणं (तांदळाच्या वाफवलेल्या गोड वड्या) पोटभर खाल्ली. भोपळ्याची चव मात्र तिला बकरीलाच विचारावी लागली.

आता साताऱ्यात ही हकिकत मी युसूफभाईंच्या आवाजात सांगते. नवरा म्हणतो, हळू बोल, शेजारी ऐकतील. ऐकू देत. नाक्यावर मी गप्प बसले, तेवढ्या वेळात पाना वर गेला होता.