तेक्लाबाईची घाई

तेक्लाबाईचं एक होतं. हातून पाप घडलं की ते घरापर्यंत न्यायचं नाही. नाशिकरोडला राहणारी ही बाई शिवणकाम करायची. वस्तीतल्या कॅथलिक पोरींचे पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतानाचे, पांढरे फ्रॉक तिच्याच मशीनवर व्हायचे. आणि तोंड? विचारू नका. बाजारात भाजीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, मेथीची जुडी पिशवीत कोंबायची आणि तिथूनच तडक चर्चला. "आशीर्वाद द्या फादर, मी पाप केलंय."

फादर बिचारे नेमके जेवायला बसलेले. कन्फेशनची, म्हणजे पापं कबूल करायची वेळ शनिवारी संध्याकाळची, तशी दारावर पाटीसुद्धा होती. "अगं, शनिवारी ये ना बाई!"

"आणि शनिवारच्या आत मेले तर? तुम्ही जबाबदार?"

ताट झाकून फादर उठायचे, गळ्यात कन्फेशनचा जांभळा पट्टा घालायचे. बाई ढोंगी मात्र नव्हती हं. ती म्हणायची, दुधाचं पातेलं लगेच घासलं तर नुसत्या पाण्यानं निघतं, ठेवलं की बसा खरवडत.

पण एक खोड होतीच. स्वतःचं पाप दोन वाक्यांत उरकायचं आणि गाडी यायची नवऱ्यावर. नवरा शांतवन, गवंडीकाम करणारा, अगदी अबोल माणूस. रविवारी मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, पण कन्फेशनला कित्येक वर्षांत फिरकला नव्हता. तो जात नाही तर त्याच्या वतीनं कोणी जायचं? अर्थात तेक्लाबाईनं! शांतवननं गुड फ्रायडेच्या उपासाला मटण खाल्लं, पुतण्याच्या लग्नात पिऊन तमाशा केला, थोरल्या भावाशी बोलणं टाकलं, सगळं कन्फेशनच्या जाळीपलीकडे फादरपर्यंत पोचायचं.

"हे तुझं पाप की त्याचं?" फादर वैतागायचे. "तू तुझं सांग."

"नवराबायको एक देह, असं लग्नात तुम्हीच सांगता ना?"

फादरनी दिलेल्या प्रायश्चित्ताच्या प्रार्थना ती दुप्पट म्हणायची. अर्ध्या आपल्या, अर्ध्या त्याच्या. यात काही चुकतंय हे तिच्या गावीही नव्हतं. जीव होता तिचा त्याच्यावर, म्हणून तर एवढा खटाटोप.

दोन हजार दोन साली परांचीवर काम करताना शांतवनच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी सोमवारी बायपास करायचं ठरवून तोवर घरी पाठवलं. तेक्लाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. शनिवारी दुपारी ती त्याच्यामागे लागली, "अहो, आज तरी चला. मन मोकळं करून टेबलावर जा. काय सांगावं, उद्याचं..."

शांतवन खाटेवर बसून होता. म्हणाला, "जाऊन सांगू काय? माझं सगळं तू सांगून बसलीस. एकदा जाणार होतो मी. दादाशी बोलणं टाकलं ते मलाच लागलं होतं. चर्चच्या दारापर्यंत गेलो, तर तू आतून डोळे पुसत आलीस. म्हणालीस, सांगितलं बरं का मी तुमचं. मी तसाच मागं फिरलो. फादर समोर आले की मला मान वर करवत नाय, तेक्ला."

तो रागानं बोलला असता तर तिनं कडाकडा भांडून घेतलं असतं. पण तो साधंच बोलला. सवयीनं ती उठली, पदर सावरला, चपला घातल्या. झालेलं पाप लगेच सांगायचं ना! दारात पाय टाकला आणि थांबली. अरे देवा, ज्याचं बिघडवलं तो तर इथं बसलाय. तिनं चपला काढल्या, खाटेपाशी येऊन खाली बसली.

"चुकलं माझं. तुमचं तुमच्याजवळ राहू दिलं नाही मी. मला क्षमा करा."

बायको रोज देवाकडे क्षमा मागते हे शांतवनला ठाऊक होतं, त्याच्याकडे आजवर कधी मागितली नव्हती. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "माझा शर्ट दे. रिक्षा बघ."

चर्चमध्ये तो आत गेला आणि तेक्लाबाई बाहेरच्या पायरीवर बसली. केवढा वेळ लावला त्यानं! काय सांगत असेल, माझ्याबद्दल काही असेल का, भावाचं सांगेल का, नुसती चुळबुळ चालली होती जिवाची. अखेर तो आला. चेहरा रडून उतरलेला, पण खांदे सैल पडलेले. तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "तुला ठाऊक नसलेलंही एक होतं. सांगू?"

जन्मभर ज्या बाईला दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवता आलं नाही, तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नको. ते तुमचं अन् देवाचं. मला फक्त तुम्ही घरी परत पाहिजे," ती म्हणाली, आणि भर संध्याकाळी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्याचा हात धरून ओक्साबोक्शी रडली.